भिंतीवरचा भात

अलकाने एका हाताने छत्री डोक्यावर धरली आणि दुसऱ्या हाताने मांजरांची थाळी पेरूच्या झाडाखाली सरकवली. मासळी कालवलेला भात अजून कोमट होता. एरवी थाळीचा आवाज झाला की दहा-बारा कावळे तुटून पडायचे. मागच्या महिन्यात एकाने तिच्या टाळूवर चोच मारली होती. तीन टाके पडले. तेव्हापासून ती छत्रीशिवाय बागेत येत नव्हती.

आज एकही कावळा आला नाही. मांजरंही आली नाहीत.

मग तिला पहिला कावळा दिसला. अळूच्या पानांत, पंख पसरून पडलेला. नळाजवळ दुसरा होता.

भिंतीपलीकडून शेजारच्या बंगाली गौरीदींनी वहिनी म्हणून हाक मारली.

“बौदी, इधर भी दो कौए मरे पड़े हैं! किसी ने ज़हर दिया क्या?”

अलकाने मागे वळून पाहिलं. व्हरांड्यात चंद्रकांत उभे होते. हातात पेपर होता, पण नजर भिंतीवर होती.

“अहो,” ती जवळ जाऊन हळू आवाजात म्हणाली, “तुम्ही?”

“उंदरांचं औषध होतं घरात. भातात कालवून भिंतीवर ठेवलं. मुद्दाम उंच, मांजरं पोचू नयेत म्हणून.”

“मांजरं भिंतीवरूनच येतात.”

चंद्रकांतांनी पेपराची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

“तुझं रक्त थांबत नव्हतं त्या दिवशी,” ते म्हणाले.

हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून दोघांनी भिंतीवरची शितं वेचली. गौरीदींकडे जाऊन चंद्रकांतांनी सगळं सांगितलं आणि तिकडचे कावळेही उचलून आणून खोल पुरले. विमानतळाकडे उतरणाऱ्या विमानाची सावली डोक्यावरून गेली की कावळा झेपावल्यासारखी अलका दचकत होती. कोपऱ्यातल्या खोक्यात चंपी मांजरीची चार पिल्लं उपाशी ओरडत होती. कालपासून चंपीचा पत्ता नव्हता. कापसाच्या बोळ्याने दिलेलं दूध पिल्लांच्या तोंडातून ओघळून गेलं.

दुपारी चारच्या सुमाराला चंपी आली. चालणं नेहमीसारखं, धडधाकट. अलकाच्या तोंडून हुंदका फुटणार, तोच तिला चंपीच्या जबड्यातलं काळं काहीतरी दिसलं. पंख मातीवर घासत होता. चंपी खोक्याकडे निघाली होती.

“सोड! चंपी, सोड ते!”

चंपी थांबली नाही. अलकाने झेप घेऊन पंख धरला. चंपीने गुरगुरत तिच्या मनगटावर नखं ओढली. चंद्रकांतांनी धावत येऊन चंपीची मानगूट पकडली आणि जबडा उघडला. ती किंचाळली. मेलेला कावळा दोन्ही हातांत घट्ट धरून अलका घरात पळाली. मोरीत बसून तिने तो उलटसुलट पाहिला. कुठेही लचका तोडलेला नव्हता. मग तिने नळ सोडून मनगटावरचं रक्त धुतलं.

उन्हं कलताना चंपीने पहिलं पिल्लू मानेशी धरलं आणि भिंतीवर उडी घेतली. थोड्या वेळाने ती दुसऱ्यासाठी आली. ताज्या भाताच्या थाळीला तिने तोंड लावलं नाही.

“थांबवायचं का तिला?” चंद्रकांतांनी विचारलं.

अलकाने नकारार्थी मान हलवली.

शेवटचं पिल्लू घेऊन चंपी भिंतीवर चढली आणि तिथेच थबकली. तिने व्हरांड्याकडे वळून पाहिलं. ती बिचकू नये म्हणून अलकाने चटकन चंद्रकांतांचा दंड धरला आणि त्यांना दाराआड ओढून घेतलं.