चौथ्या पानावर

कीथ लँगने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला. एका बलाढ्य सर्च कंपनीवर सरकारने मक्तेदारीचा खटला भरला होता आणि कीथ त्याच कंपनीत इंजिनिअर होता. वॉशिंग्टनच्या त्या कोर्टात, मागच्या बाकावर डेनिस कोवाल्चिक बसली होती. तिची साक्ष सकाळीच उरकली होती.

“डेनिस कोवाल्चिक यांची वेबसाइट तुमच्या सर्चमध्ये खाली का गेली?” सरकारी वकील हॅना ब्रॉडीने विचारलं.

“आम्ही ढकलली म्हणून.”

“मजकूर सुमार होता?”

“छे. लोकांना तीच आवडायची. पण आम्हालाही तसलीच काढायची होती. वरून सांगणं आलं, आधी हिला चौथ्या पानावर टाका. तिथवर कोण जातंय?”

कंपनीचे वकील हरकत घ्यायला उठले. न्यायाधीशांनी हातानेच त्यांना बसवलं. बातमीदारांची बोटं भराभर चालू लागली.

डेनिस हलली नाही. टोलीडो शहरात तिने आणि रोंडा प्रुइटने मिळून घरगुती यंत्रांची पारख करणारी ती वेबसाइट काढली होती. ओव्हन असो की धुलाईयंत्र, रोंडा ते आधी स्वतःच्या घरात वापरायची, मगच लिहायची. आणि लिहायची ते असं, की बनवणाऱ्यांना घाम फुटावा. पुढे वाचक आटले. का, ते कळेना. शेवटी डेनिसनेच तिला समोर बसवून सांगितलं होतं, “लोकांना तुझं लिहिणं नकोसं झालंय, रोंडा. रटाळ झालंय.” रोंडाने आपला कप विसळून पालथा घातला आणि निघून गेली. वेबसाइट त्यानंतरही बुडायची ती बुडालीच.

जेवणाच्या सुट्टीत हॅना लगबगीने आली.

“ऐकलंत ना? आता कुठल्या तोंडाने नाही म्हणतील ते!” मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाली, “तुम्हाला आनंद नाही झाला?”

“झाला ना,” डेनिस म्हणाली आणि बाहेर पायऱ्यांवर आली. नंबर तिला पाठ होता.

“रंगाचं दुकान. बोला.”

“रोंडा, मी डेनिस.”

पलीकडे डबा आपटल्याचा आवाज झाला. “बोल लवकर. गिऱ्हाईक उभं आहे.”

डेनिसने कोर्टातलं सगळं सांगितलं. सांगताना एकदा अडखळली. “तुझ्या लिहिण्यात काही खोट नव्हती गं. शपथेवर सांगितलं त्याने.”

रोंडाने डब्याचं झाकण ठोकून बसवलं.

“ते मला ठाऊकच होतं,” ती म्हणाली. “तूही रोज वाचायचीस की. तुला कळायला कोर्ट लागलं?”

पलीकडे रोंडा कुणाला तरी भिंतीला ओल आहे का, म्हणून विचारू लागली. फोन मात्र तिने बंद केला नव्हता.

आत पुन्हा पुकारा झाला. डेनिस तशीच वाऱ्यात उभी राहून ऐकत राहिली.