घोड्या मेल्या कशाने

डोंगरातल्या अत-बाशी या गावाजवळच्या आमच्या खेड्यातल्या वाचनालयात मी तत्त्वज्ञानाची तोंडओळख करून देणारी पुस्तकं मागवली. अगदी नवशिक्यांसाठीची, सोपी. तरी लोक न्यायचे शिवणकामाचीच मासिकं. साबिरा एजेने, म्हणजे आमच्या साबिराताईने, मात्र त्यातलं एक उचललं, तेही अक्षर मोठं होतं म्हणून. साठी उलटलेली, नवऱ्यामागे घोड्यांचा कळप एकटीने सांभाळणारी बाई. काही दिवसांनी आली ती भांडायच्या सुरातच.

"नुर्झात, यात लिहिलंय, एकीमागून दुसरी गोष्ट घडली म्हणजे पहिलीमुळेच दुसरी घडली असं नाही. हे सांगायला पुस्तक कशाला हवं?"

"मग पटलं ना?"

"मला पटलं. आमच्या घरात कुणाला पटेल असं वाटत नाही."

त्या हिवाळ्यात तिच्या मुलाचं लग्न झालं. सून मीरिम त्याने स्वतःच पसंत केलेली, एजेला मुळीच न आवडलेली. माहेरहून ती एक घोडी घेऊन आली होती. महिनाभरात एजेच्या दोन घोड्या गेल्या. आधी पाय लटपटले, मग घास गिळेना, मग आडव्याच. तिसरीचेही पाय डगमगू लागले, तेव्हा एजेचे थोरले दीर तोक्तोसुन यांनी घरच्यांना एकत्र बसवलं. शेजारीण म्हणून मीही होते.

"पोरगी पांढऱ्या पायाची आहे," ते म्हणाले. "तिला माहेरी धाडा."

चहा ओतणाऱ्या मीरिमचा हात थांबला. तिचा नवरा खाली बघत बसला.

"भाऊजी, मला ही सून पसंत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे," एजे म्हणाली. "पण ते निराळं आणि घोड्या मेल्या ते निराळं."

"ही आली आणि घोड्या मेल्या."

"ही आली आणि बर्फही पडला. तोही हिनेच पाडला का?"

कुणीतरी हसलं. तोक्तोसुन हसले नाहीत. "मग हिच्या माहेरची घोडी तेवढी धडधाकट कशी? तुझ्या पुस्तकात आहे का याचं उत्तर?"

 एजे खुलली.

"हा प्रश्न बरोबर विचारलात. उत्तर पुस्तकात नाही, तबेल्यात असेल. चला."

भर दुपारी सगळी मंडळी तबेल्यात गेली. एजे एकेक गोष्ट मोठ्याने विचारत गेली. पाणी एकच, ओढ्याचं. जागा एकच. आणखी कुणाचं जनावर गेलं का? पलीकडच्या जुमाबेकचा घोडा गेला होता. त्याच्या घरी नवी सून नव्हती. पण त्याने एजेकडून गाडीभर गवत नेलं होतं.

"आणि हिच्या घोडीला?" तोक्तोसुननी विचारलं.

एजे गवताच्या गंजीकडे वळली. "तिला मी गेल्या वर्षीचं उरलेलं गवत घालते. म्हटलं, हिच्या घोडीवर नवं गवत कशाला वाया घालवा."

मीरिमने मान वर केली. एजेने तिची नजर चुकवली नाही. गंजीतली एक पेंढी ओढून तिने फोडली. आत काळपट बुरशी, नाकाला झोंबणारा कुबट वास.

"ओलं रचू नका, असं तुम्ही सांगत होतात, भाऊजी. पाऊस येतोय म्हणून मीच घाई केली. घोड्या माझ्या घाईने गेल्या."

गुरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनीही दोष गवतालाच दिला. गंजी जाळली आणि जुमाबेकलाही सांगावा धाडला. तिसरी घोडी अशक्त झाली, पण वाचली.

त्या दुपारी तबेल्यातून घरात परतल्यावर तोक्तोसुननी चहाची वाटी पुढे केली. "ओत, बाळ, चहा."

"एवढ्यावर भागायचं नाही," एजे म्हणाली. "सगळ्यांसमोर बोललात, आता सगळ्यांसमोरच परत घ्या."

त्यांना ते जड गेलं. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, घसा खाकरला. "मी चुकलो, मीरिम. हे घर तुझं आहे."

"मीही चुकले," एजे सुनेला म्हणाली, "पण माझ्या चुकीचा हिशेब वेगळा. त्याचं आपण दोघी बघू."

वसंतात मीरिम वाचनालयात आली आणि त्याच फळीवरचं सगळ्यात जाड पुस्तक मागू लागली. मी म्हटलं, आधी सोपं ने. ती म्हणाली, "सोपं तर सासूबाईंनी वाचलंय. आता वादात त्यांना उत्तर द्यायचंय."