दोन प्रतींत अर्ज

आमचे बाबा, हरिदास, गवंडीकाम करतात. त्यांना कायदा एकच ठाऊक: अर्ज नेहमी दोन प्रतींत लिहायचा आणि दुसरीवर शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. नळाचा अर्ज असो की जातीच्या दाखल्याचा. मी यावरून त्यांना खूप चिडवलंय.

लॉ कॉलेजच्या खिडकीशी उभी होते तेव्हा मात्र हसू सुचत नव्हतं. प्रवेश पक्का करायचा शेवटचा दिवस, पाचला खिडकी बंद. आणि आतल्या बाबूंनी, ज्यांना सगळे भैय्याजी म्हणतात, माझी बारावीची मार्कशीट दोन बोटांनी बाजूला सरकवली.

"हे ऑनलाइनवालं चालत नाई."

"काऊन जी?"

"घरी बसून बारावी केली, अन् आता वकील व्हाले निघाली! रेग्युलर कॉलेजची आण."

डोकंच सणकलं माझं. अकरावीच्या वर्षी आईच्या पाठीचं ऑपरेशन झालं, घरात करणारी मी एकटी. सिंदी मेघे गावातल्या आमच्या स्वयंपाकघरात पोळ्यांच्या डब्याला मोबाइल टेकवून मी मुक्त विद्यालयाचे तास ऐकले. परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन चारचौघांसारखीच दिली. मग तीन वर्षं वर्गात बसून इतिहासात बी.ए. केलं. "आर्ट्स करून काय दिवे लावणार?" म्हणणाऱ्यांना पुरून उरले आणि सीईटी काढली. आणि हे म्हणे घरी बसून!

"नियम दाखवा," मी म्हणाले.

"नियम माह्या डोक्यात आहे."

माझ्या मागे आर्वीहून आलेली मयुरी उभी होती. तिचीही बारावी तशीच. ती हळूच आपली फाइल पिशवीत घालायला लागली. "जाऊ दे ना ताई," ती पुटपुटली. "यायच्या तोंडी कोण लागन?"

मी लागणार होते. तिथेच पायरीवर बसून दोन प्रतींत अर्ज लिहिला: मुक्त विद्यालयाच्या बारावीमुळे मला प्रवेश नाकारला आहे, कोणत्या नियमाने ते लेखी कळवावे.

"भैय्याजी, एक ठेवा. दुसऱ्यावर तारीख, सही अन् शिक्का द्या."

तोंडाने नाही म्हणायला कुणाचं काय जातं? कागदावर म्हणायची पाळी आली की घाम फुटतो. भैय्याजींनी अर्ज दोनदा वाचला, शिक्क्याकडे पाहिलं आणि उठून प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. आतून आवाज आला, "कोणी सांगितलं तुम्हाला चालत नाही म्हणून?"

बाहेर आले ते खाली मान घालूनच. मार्कशीटवर खूण केली, पावती दिली. "झालं तुमचं. हे अर्ज घेऊन जा वापस."

"नाई. मुक्त विद्यालयाची बारावी चालते, असं त्याच्यावर लिहून द्या."

"अवो, अॅडमिशन झाली ना बाई! आता काय पाहिजे?"

मी खिडकीवरचा हात काढला नाही. साडेचार वाजले. रांग कुरकुरायला लागली. "देऊन टाका ना भैय्याजी," कुणीतरी ओरडलं. शेवटी त्यांनी लिहिलं, सही केली आणि शिक्का असा आपटला की टेबल हललं.

ती प्रत बाबांना दाखवायची फार इच्छा होती. त्यांनी ती भिंतीवर लावली असती. पण मी ती मयुरीच्या हातात कोंबली आणि तिला खिडकीपुढे ओढलं.

"फाइल काढ बाहेर," मी म्हणाले. "अन् आवाज मोठा ठेवजो."