नारळाने निवडलेली बाजरी

सत्त्याण्णव साली बाजरीच्या काढणीला कवठे येमाईत सारजाबाईंच्या वावरात ही गर्दी लोटली. भस्मनाथ महाराजांनी पेरणीला सगळ्या वावरात भस्म उधळलं होतं. आता डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांनी नारळ फेकला. तो एका कोपऱ्यात पडला. तिथला चौकोन कापून, बडवून बाजरी मोजली, तर एवढं पीक, एवढा उतारा गावात कुणी पाहिला नव्हता!

"सगळ्या वावराचा ह्योच उतारा!" महाराज गरजले. "मानसाला दोन डोळं, नारळाला तीन! त्याला समदं दिसतं!"

लोक नारळाच्या पाया पडायला रांगेत उभे राहिले. सारजाबाई तर पुढच्या सालच्या भस्मासाठी दुभती म्हैसच सोडून महाराजांना द्यायला निघाल्या. त्यांची सून पूनम शाळेत गणित शिकवायची. घरातली लेकरं त्याच म्हशीच्या दुधावर वाढत होती. पूनम पुढे सरसावली.

"आत्याबाई, जरा थांबा. महाराज, अजून एक नारळ फेका. पट्टी मातर आमची."

महाराजांची पट्टी आरपार दिसणाऱ्या मलमलीची होती. पूनमने त्यांच्या डोळ्यांवर सासऱ्यांचा जाड पटका गुंडाळला. नारळ उडाला तो थेट उकिरड्यावर.

"देवाची इच्छा!" म्हणत एक शिष्य विळा घेऊन उकिरडा कापायला धावला.

हसू दाबत पूनमने वावराची लांबी-रुंदी पावलांनी मोजली, पावलांचे आकडे चिठ्ठ्यांवर लिहून लांबीचे एका घमेल्यात, रुंदीचे दुसऱ्यात टाकले आणि म्हाताऱ्या भिमा धनगराला म्हणाली, "मामा, दोन्हींतनं एकेक काढा. तितकी पावलं चालून येईल तिथं कापायचं. आवडनिवड न्हाई."

असे बरेच चौकोन कापले. कुठे बरी बाजरी निघाली, कुठे जेमतेम, एके ठिकाणी नुसती मूठभर.

"भस्म तर सगळीकडं पडलं. मग दाणे एकाच कोपऱ्यात कसं?" पूनमने विचारलं.

"त्या कोपऱ्यात उन्हाळ्यात माझी मेंढरं बसवली व्हती," भिमा म्हणाला. "लेंड्या त्यांच्या, आन् नाव ह्यांचं!"

"मेंढरांतबी मीच व्हतो!" महाराज ओरडले.

"व्हय? मग तुमची लोकर कातरायची राह्यली की!" भिमा म्हणाला.

हशा पिकला. सारजाबाई खजील झाल्या. "मेंढरं मीच बसवून घेतली, आन् मीच इसरले," असं पुटपुटत त्यांनी म्हशीचं दावं पुन्हा खुंट्याला बांधलं.

खतावलेली, रेताड, खोलगट, कुठलीही जागा चिठ्ठीत निघू शकली, तरच वावर खरं बोलतं. दाखवणाऱ्याने निवडलेल्या कोपऱ्यावर भाळू नका. कुणी चमत्कार दाखवला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: बाकीचं वावर कसं पिकलं?