डब्यावरची गाय

मी एक देवणी गाय आहे, मित्रांनो. आमची जात शांत म्हणून ओळखली जाते. तरीही आजची हकीकत मी रागानेच सांगणार आहे.

लातूरकडच्या देवणी गावाजवळच्या एका खेड्यात, नागप्पांच्या गोठ्यात माझा जन्म झाला. अंगावर काळेपांढरे ठिपके; अशा देवणीला आमच्याकडे शेवरा म्हणतात, म्हणून घरधनीण उमादेवी मला शेवरी म्हणू लागल्या. लहानपणी मला आईचे दूध पोटभर मिळाले. पुढे हिरवा घास, ज्वारीचा भरडा, सरकीची पेंड. येणारेजाणारे पाठीवरून हात फिरवून म्हणत, "नागप्पा, कालवड लई देखणी हाय!"

मग वीरेश आला. हा उमादेवींचा धाकटा भाऊ. लातूरला त्याने जनावरांच्या वनौषधी चूर्णाचा धंदा काढला होता. हिरव्या झाकणाचा डबा कट्ट्यावर ठेवून तो म्हणाला, "दाजी, ह्याच्यात शतावरी हाय, अश्वगंधा हाय. रोज दोन चमचे द्या. कालवड झपाट्यानं वाढती अन् लवकर गाभण जाती. पेंड-भरडा बंद केला तरी चालतंय."

नागप्पांनी ते खरे मानले. माझ्यापुढे उरला वाळका कडबा आणि त्यावर भुरभुरलेले कडवट चूर्ण. माझ्या बरगड्या दिसू लागल्या. भुकेने मी गोठ्याची भिंत चाटत असे. माझ्या वयाच्या कालवडी माजावर आल्या, मी आले नाही. अंगात काही असेल तर येईन ना! नागप्पा मात्र ते दोन चमचे कधी चुकवत नसत. अगदी मायेने देत. त्या मायेचाच मला जास्त संताप येतो.

एके दिवशी वीरेश फोटोवाल्याला घेऊन आला. मला धुतले, तेल चोळले, बरगड्या झाकायला पाठीवर झूल टाकली. शेजारच्या सिद्रामप्पांच्या गाईचे वासरू ओढून माझ्याजवळ उभे केले. ते बिचारे आईसाठी हंबरत माझ्या कोरड्या कासेला तोंड लावू लागले. मी लाथ झाडली, ती वीरेशच्या गुडघ्यावर बसली. पण फोटो निघालाच. डब्यावर छापला, उदगीरच्या रस्त्यावर बोर्डही लागला: 'एका डब्यात गाभण! वासरासह सुखी शेवरी.'

आणि त्याच सुखी शेवरीला विकायला नागप्पांनी दलाल बोलावला.

"वांझ हाय का?" माझ्या बरगड्या दाबत दलालाने विचारले.

नागप्पा खाली बघत म्हणाले, "हाव. चूर्ण देऊनबी गाभण जाईना. घेऊन जावा."

दलालाने माझे दावे सोडले. दाराशी टेम्पो उभा होता. त्या टेम्पोतून गेलेले जनावर मला पुन्हा कधी दिसले नव्हते. तेवढ्यात पिठाच्या हाताने उमादेवी बाहेर धावल्या आणि दावे गच्च धरले.

"डब्यावर हिला लेकुरवाळी केलीत, अन् गोठ्यात हीच वांझ? कुणाला फसवून राहिलात तुम्ही?"

"अगं, तुझ्याच भावाचं औषध हाय..."

"माझा भाऊ हाय म्हणून तर जास्त लाज वाटून राहिली! उपाशी मारायचं अन् वरून वांझ म्हणायचं? शेवरी जाणार न्हाई!"

दलाल टेम्पो घेऊन निघून गेला. उमादेवींनी दवाखान्यातून डॉक्टरीणबाईंना बोलावले. मला तपासून त्या म्हणाल्या, "पोटात जंत झालेत, अंगावर मांस नाही. शतावरी काही विष नाही, पण ती भरल्या पोटाला. उपाशी जनावराला कुठलीच मुळी गाभण करत नाही."

जंताचे औषध झाले. पेंड, भरडा, हिरवा घास पुन्हा सुरू झाला. हळूहळू अंग भरले, मी माजावर आले, गाभण राहिले. मला कालवड झाली.

लगेच वीरेश हजर! "बघ अक्का, चूर्णाचा गुण आला का न्हाई? आता खरा फोटू काढू."

"आधी तो बोर्ड उतरव," उमादेवी म्हणाल्या. "वासरू सिद्रामप्पाच्या गाईचं होतं, हे चारचौघांत सांग. तवर ह्या घरात पाय ठेवू नको."

त्याने बोर्ड उतरवला नाही. मग बाजाराच्या दिवशी उमादेवी स्वतः त्या बोर्डाखाली उभ्या राहिल्या आणि दिसेल त्या शेतकऱ्याला माझी खरी गोष्ट सांगू लागल्या. त्या वर्षी पंचमीला त्यांना माहेरचे बोलावणे आले नाही. त्यांनी डोळे पुसले, पण सांगणे थांबवले नाही.

मित्रांनो, आम्हाला औषध जरूर द्या, पण औषधाच्या नावाखाली उपाशी ठेवू नका. आमची भूक आम्हाला बोलून दाखवता येत नाही, आणि याच गोष्टीचा फायदा घेतला जातो. तुम्हाला बोलता येते. मग गप्प का राहता?

नागप्पा आता रोज स्वतः पेंड भिजवतात. ती ठेवून माझी मान खाजवायला हात पुढे करतात. मी पेंड खाते. मान मात्र अजून बाजूला घेते.