चोरल नदीचा प्लॅन

निशिगंधा माझी पहिलीपासूनची मैत्रीण. मी दहावीत शाळा सोडली, ती कॉलेजात गेली आणि तिथून ही विनीता घेऊन आली. आता अन्नपूर्णा भागात निशीच्या घरी दोघी पलंगावर बसून, मोबाइलमध्ये डोकं घालून, रविवारचा प्लॅन करत होत्या. सकाळी पोहे-जलेबी खाऊन निघायचं, सिमरोल गावात स्कूटर लावायची, मग दिवसभर चोरल नदीच्या काठाने पायी.

ती वाट निशीला मीच दाखवली होती. माझी आत्या राहते सिमरोलला.

"तू पण आली असतीस यार," निशी म्हणाली, "पण स्कूटरवर दोघीच मावतो."

मागच्या वर्षी याच स्कूटरवर निशी, तिची ताई आणि मी, तिघी राजवाड्याला गेलो होतो.

विनीताने नकाशावर बोट ठेवलं. "इथे दगडांवरून नदी पार करू."

ते दगड दसऱ्यापर्यंत पाण्याखाली असतात, आणि दसऱ्याला अजून महिना आहे. अडकू देत, मनात म्हटलं, मग येईल माझी आठवण. पण निशीला पोहता येत नाही, आणि विनीताला ते माहीतही नसणार.

"दगडांवरून मरायचंय का?" मी भडकलेच. "थोडं वर जा, जिथून म्हशी पार होतात. तिथे पाणी गुडघ्यापर्यंतच असतं."

विनीताने लगेच ते टाइप केलं. "थँक्यू हं."

"बघ, बोलले होते ना, हिला सगळं माहीत असतं," निशी म्हणाली. विनीताला म्हणाली, मला नाही.