केमिस्ट्रीची एक जागा

मला सल्ला देणारा माणूस माझ्या बुटांपेक्षा वयाने थोडासाच मोठा असावा. ऑस्टबी त्याचं नाव. डुलुथ शहरातल्या विद्यापीठात मेडिकलला जाणाऱ्यांना वाट दाखवायचं काम त्याच्याकडे होतं. माझी चौदा वर्षांपूर्वीची गुणपत्रिका वाचता वाचता तो एका ओळीशी थांबला आणि गालात हसला.

"'स्वयंपाकघरातलं रसायनशास्त्र'. वा, ए मिळालाय."

"म्हणजे केमिस्ट्री झाली ना माझी?"

"नाही हो. इतिहास, नाटक वगैरे करणाऱ्यांना सायन्सचा एक विषय उरकता यावा म्हणून असतात हे कोर्स. मेडिकलवाले ते धरत नाहीत."

मी इतिहासवाली. पाव का फुगतो आणि कांदा का रडवतो एवढं त्या वर्गात शिकले, वर दर आठवड्याला फुकट खायला मिळालं. आणि इतकी वर्षं मी जगाला सांगत फिरत होते की माझी केमिस्ट्री कधीच झालीय.

"बायॉलॉजी, फिजिक्स, केमिस्ट्री, सगळंच बाकी आहे," ऑस्टबी म्हणाला. "इतक्या उशिरा सुरुवात करायची तर... नर्सिंगचा विचार केलाय का?"

"नर्सिंग चांगलंच काम आहे. पण दुकानात बूट मागितले तर टोपी कशाला दाखवता?"

तो जरा लाल झाला. मग त्याने दोन रस्ते सांगितले. पहिला म्हणजे नोकरी सांभाळून आमच्या गावाकडच्या छोट्या कॉलेजात संध्याकाळी एकेक विषय करायचा. सहा वर्षं सहज जातील, आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री तिथे शिकवतच नाहीत, म्हणजे शेवटी डुलुथला यावं लागणारच. दुसरा म्हणजे नोकरी सोडून आत्ताच डुलुथला यायचं आणि दोन-दोन विषय एकदम उचलायचे. दोन वर्षांत सगळं हातावेगळं.

"पण दुसरा रस्ता यंदा बंद आहे," तो म्हणाला. "केमिस्ट्रीच्या सगळ्या लॅब भरल्यात. पहिला भाग फक्त सप्टेंबरात सुरू होतो. तो सुटला की ऑरगॅनिक नाही, ऑरगॅनिक नाही तर बायोकेमिस्ट्री नाही. अख्खं वर्ष गेलं."

"आणि कोणी गळलं तर?"

"पहिल्या दिवशी दार लागेपर्यंत जो येत नाही त्याचं नाव कापतात. वेटिंगवाला दाराशी हजर असेल तर त्याला जागा. तुम्ही वेटिंगवर पहिल्या राहाल. पण खरं सांगू? पहिल्या दिवशी कोणी चुकत नाही."

"लिहा माझं नाव. ब्रिटा स्काल्को."

घरी आले तेव्हा आई जेवणाच्या टेबलभर चादर अंथरून तिच्यावर पोटिकेची पोळी ताणत होती. आमच्या खाणीच्या मुलुखात अक्रोडाची पोटिका, म्हणजे सारण गुंडाळून भाजलेला गोड पाव, लग्नालाही लागते आणि मयतालाही. पोळी इतकी पातळ हवी की खालच्या चादरीची फुलं दिसली पाहिजेत. आईने मान वर न करता सगळं ऐकून घेतलं.

"संध्याकाळचे वर्ग कर. घाई कसली आहे?"

"सहा वर्षं तिथेच जातील. मग मेडिकलची चार, मग हॉस्पिटलातली उमेदवारी. तोवर गावात तुझी पोटिका चावायला कोणाला दात उरतील का?"

"हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये बाई. जागा मिळालेली नाही आणि नोकरी सोडायला निघालीस?"

"लॅब सोमवारी सकाळी असते. सोमवारी सकाळी मी दवाखान्यात असते. नोकरी धरून त्या दाराशी उभी कशी राहू?"

"बापावर गेलीस."

"तो कुठे पोचला?"

"खाणीत," आई म्हणाली. "पण वेळेवर."

दवाखान्यात मी पुढच्या टेबलाशी, नावं नोंदवायला बसायचे. आमचे डॉक्टर निवृत्त झाले, त्यांच्या जागी यायला कोणी तयार होईना, मग भिंतीवर पडदा बसवला. दूरच्या शहरातून डॉक्टर त्यावर दिसतात. खाणीतला म्हातारा टोपी हातात धरून पडद्याला सांगतो की छातीत दुखतंय, आणि पडदा नेमका तेव्हाच गोठतो. मग म्हातारा माझ्याकडे बघतो. मी म्हणते, एक मिनिट थांबा हं. हे 'एक मिनिट' म्हणायची मला लाज वाटू लागली होती, आणि नंतर नंतर त्या लाजेचाच राग येऊ लागला. शुक्रवारी मी नोकरी सोडली.

सोमवारी लॅबच्या दाराशी पोरांची झुंबड होती. दोघांनी मला शिक्षिका समजून खोली विचारली. मी खरी खोली दाखवली, खोटी दाखवायचा मोह झाला होता. शिकवणाऱ्या डॉक्टर ओडेगार्ड आल्या, पांढऱ्या वेणीच्या, चेहऱ्यावरची माशीही हलणार नाही अशा. पोरं एकेक करून आत गेली. खुर्च्या भरत गेल्या तशी मी उरलेल्या मोजत गेले. शेवटी एकच खुर्ची उरली. बाईंनी दार लावून घेतलं. काचेतून मला आतलं दिसत होतं, ऐकू काही येत नव्हतं. त्यांनी कोणाचं तरी नाव पुकारलं. परत पुकारलं. मग दार उघडलं.

"स्काल्को?"

"हजर."

मी बसले. लॅबचा चष्मा पिशवीतून काढते न काढते तोच एक मुलगी धापा टाकत आत आली. हातात बर्फाच्या कॉफीचा उंच पेला.

"सॉरी, स्लोन विटमार. कॉफीला फार रांग होती."

"तुमची जागा गेली," ओडेगार्डबाई म्हणाल्या.

मुलीचे डोळे भरले. "असं कसं? मला मेडिकलला जायचंय. बाबांना काय सांगू? दोनच तर मिनिटं उशीर झाला."

"नियमाने जागा यांची आहे. यांना सोडायची असेल तर यांनी सांगावं."

सगळा वर्ग माझ्याकडे वळला. शेजारचा केसाळ पोरगा दबक्या आवाजात म्हणाला, "देऊन टाका ना. तुम्ही काय, हौसेनेच आला असाल."

ही नजर मी ओळखत होते. चर्चच्या जेवणात खुर्च्या कमी पडल्या की हीच नजर येते, दवाखान्यात कोणाची सुट्टी अडली की हीच. माझ्या वयाच्या बाईने समजून उठायचं असतं. मी जन्मभर समजून उठत आले होते. आणि खोटं कशाला बोलू, त्या मुलीची मला दयाही आली. अठरा वर्षांची पोर, काजळ गालावर ओघळलेलं.

"प्लीज," ती मला म्हणाली. "दोनच मिनिटं."

"मला चौदा वर्षं झालाय उशीर," मी म्हणाले. "माझ्यासाठी कोणी उठलं नाही."

"पण माझं वर्ष जाईल."

"जाईल. पुढच्या वर्षी तू एकोणीस वर्षांची असशील. लवकर येऊन दाराशी उभी राहा, कोणीतरी कॉफीला गेलेलं असेलच."

ती रडत निघून गेली. आईने फॉइलमध्ये बांधून दिलेला पोटिकेचा तुकडा पिशवीत होता, तो तिच्या हातात द्यावा असं क्षणभर वाटलं. खुर्ची द्यावी असं मात्र वाटलं नाही. ओडेगार्डबाईंनी दार लावलं आणि जोडीने काम सुरू करायला सांगितलं. माझा जोडीदार म्हणून तोच केसाळ पोरगा आला. तो आता जरा सरकून बसला होता.

"तुम्ही केमिस्ट्री आधी केलीय का?" त्याने विचारलं.

"स्वयंपाकघरातली. ए मिळाला होता."

त्याला हसावं की नाही कळेना. मी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि बर्नर माझ्याकडे ओढला.

"हा मी पेटवते. तू बघ हौसेने."